नकुलच्या किल्ल्याचा मारेकरी

"माझा किल्ला! कुणीतरी मारून टाकला माझा किल्ला!"

नकुलची आरोळी ऐकून रुही आणि तिची धाकटी बहीण प्रीता पोहे तसेच टाकून बाहेर धावल्या. बेलव्ह्यूहून सुट्टीला ॲन आर्बरला त्यांच्या घरी आलेल्या या चुलतभावाने ड्राइव्हवेच्या कडेला, जुन्या काळी इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांचा असायचा तसा, नॉर्मन किल्ला उभारला होता. आपण दिवाळीत करतो तसाच, मातीचा ढीग रचून, वर हळीव पेरून! काल हिरवागार होता. आज त्याची एक बाजू पिवळी पडून झोपली होती.

रुहीला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आठवडाभर आईचा एकच जप चालला होता, "नकुलकडून शीक जरा!" तिचा नुसता जळफळाट होत होता.

पण आता सगळे तिच्याकडेच बघत होते.

"कुणी केलं हे?" आईने विचारलं. दोघी बहिणींनी नकारार्थी माना हलवल्या. "ठीक आहे. उद्या लेकवर जाणं कॅन्सल! सगळ्यांचं!"

"दॅट्स सो अनफेअर!" प्रीता रडकुंडीला आली.

"पण शिक्षा परफेक्ट नॉर्मन, काकू!" नकुल रुहीकडे रोखून बघत म्हणाला. "इंग्लंड जिंकल्यावर कुणी नॉर्मन माणसाला मारलं आणि खुनी सापडला नाही, तर अख्ख्या गावाला दंड! उत्तरेत बंड झालं, तेव्हा त्यांच्या राजाने लोकांची शेतंच जाळली!"

"मी नाही केलं, यार!" रुही फणकारली. किल्ला मोडायचं मनात आलं होतं, हे खरं. पण मनात येणं वेगळं आणि करणं वेगळं!

ती किल्ल्यापाशी वाकली. व्हिनेगरचा वास! आणि ड्राइव्हवेच्या फटींतलं तणही तसंच पिवळं पडलेलं! कालपासून तिथे कोण मिरवत होतं, ते तिला लख्ख आठवलं.

"बाबा!" तिने लाडात हाक मारली. "ड्राइव्हवे कसला चकाचक झालाय! तण कसं घालवलंस? दाखव ना!"

घरातून बाहेर आलेल्या बाबांची छाती फुगली. "माझी खास रेसिपी! व्हिनेगर आणि मीठ!" त्यांनी स्प्रेची बाटली उचलून ऐटीत फवारा मारला. वारा आला आणि फवारा थेट किल्ल्यावर!

"सापडला!" तिन्ही मुलं ओरडली. बाबांनी जीभ चावली.

"शाबास, रुही! काय नजर आहे गं तुझी!" आई म्हणाली. "उद्या लेकवर जायचं, आणि दंड म्हणून कूलर बाबा उचलणार! नकुल, शीक जरा हिच्याकडून!"

रुहीने ऐटीत वळून पाहिलं. नकुलचं तोंड एवढंसं झालं होतं. अख्खा आठवडा तिने स्वतः असंच तोंड करून काढला होता.

"पिवळं तसंच ठेव," ती हळूच म्हणाली. "राजाने जाळलेली शेतं म्हणून."

"ते माझ्या डोक्यात आधीच आलं होतं!" नकुल फुरंगटून म्हणाला.