बुधवारचं विमान

"आलं का हो?" मी चौथ्यांदा विचारलं.

१९५२ साल. बाबांना क्षय झाला होता, आणि त्यांच्या इंजेक्शनांची पेटी दर बुधवारी मुंबईहून विमानानं यायची. स्नेहलतागंज भागातल्या शाळेतलं माझं शिकवणं आटोपलं, की मी टांगा करून बिजासनीच्या टेकडीजवळच्या एरोड्रोमवर जायची. त्या पहिल्याच बुधवारी विमानाचा पत्ता नव्हता.

खिडकीमागचा तरुण कारकून हसला. "सव्वातीनशे मैल आहेत जी. दोन तास तर लागणारच. फिक्र करू नका."

"दोन तास कधीच होऊन गेले!"

"वरती वारा उलटा असेल."

"ते इथं बसून कळतं तुम्हाला?"

"वायरलेसवरून कळतं... तुमचा राग मात्र वायरलेसशिवायच कळला."

त्याचं नाव अच्युत. पुढच्या बुधवारी त्यानं माझ्यासाठी सावलीत खुर्ची टाकली. विमान दिसण्याआधी त्याची घरघर कशी ओळखायची, ते शिकवलं. मग मी उगाचच तासभर आधी जाऊ लागले...

श्रावणात एकदा तो खाली बघत म्हणाला, "माझी बदली झाली. मुंबईला."

"बधाई," मी म्हणाले. तो काहीतरी बोलणार होता — तेवढ्यात विमान उतरलं आणि तो कागद घेऊन धावला.

त्यानंतर पेटीवर माझं नाव त्याच्या अक्षरात येऊ लागलं. शशिकला — 'ला'चा काना जरा लांबवलेला. बाकी एक शब्द नाही. बुधवारी वर्गात माझी नजर घड्याळावर खिळायची. आता सुटलं असेल... आता नर्मदा ओलांडली असेल...

"बाई, फळा!" मुली हसायच्या. माझा खडू भलतीकडेच गेलेला असायचा.

थंडीत डॉक्टर म्हणाले, "आता इंजेक्शनं पुरेत." घरात शिरा झाला. बाबा स्वतःच्या पायांनी पाटावर येऊन बसले. बुधवार संपले म्हणून डोळे भरून यावेत, अशी कशी मी?

मी अच्युतला पत्र लिहिलं. "बाबा बरे आहेत. पेटी आता पाठवू नये." शाई वाळली. मग धीर करून खाली आणखी एक ओळ लिहिली — "मी मात्र बुधवारी येईन."

त्या बुधवारी सगळे उतारू उतरले. सर्वांत शेवटी, शिडीचा कठडा घट्ट धरून, अच्युत उतरला. चेहरा पांढराफटक.

"बरं नाही का?"

"इतकी विमानं सोडली, पण बसलो आज पहिल्यांदा. पोट अजून वरच राहिलंय."

मी हसले, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"तुमच्या बाबांना विचारायला आलोय," तो हळूच म्हणाला. "पण आधी तुम्हाला —"

"हो."

"अहो, विचारू तर द्या!"

"विचारा ना," मी म्हणाले. "मी कुठं जातेय?"