हात काढते हं

डूला म्हणजे नक्की कोण, असं कुणी विचारलं की ती हसून सांगायची, "सुईण नाही, नर्स नाही. बाळाकडे डॉक्टर बघतात, मी बाईकडे बघते." सगळा वॉर्ड तिला सोबतीणच म्हणायचा. तिचा एक नेम होता आणि त्यात ती भारी हट्टी. कळा देणाऱ्या बाईच्या अंगावरचा हात न सांगता उचलायचा नाही. आधी म्हणायचं, "हात काढते हं." आधार अचानक गेला की बाई घाबरते, आणि घाबरली की कळ दुप्पट होते.

त्या दुपारी एक पहिलटकरीण आली. पोरीची पाचावर धारण बसलेली.

"माझी आई मला जन्म देताना गेली," ती म्हणाली. "ह्याच खोलीत. जवळ कुणी नव्हतं म्हणे. मीही तशीच जाणार, ताई."

"जायची बरी घाई तुला. मी आहे ना सोबतीला? श्वास सोड... हळू."

कळ आली की सोबतीण तिच्या कमरेत तळवे रोवून दाबायची. हळूहळू दोघींची लय जमली. बाहेर बाकावर नवरा घोरत होता. "कळा मला आणि दमलेत हे," असं म्हणून पोरगी चक्क हसली.

तेवढ्यात सिस्टरनं गरम पाण्याची पिशवी न्यायला हाक मारली.

"हात काढते हं. ही आलेच."

ती परतली तेव्हा पोरगी भिंतीकडे तोंड करून कळ सोसत होती. अगदी शांत.

"अस्संच दाबा ताई..." ती पुटपुटली. "फक्त हात फार गार पडलेत तुमचे."

सोबतीण अजून दारातच होती. पिशवीनं तिचे तळवे भाजत होते.

पोरीच्या कमरेवरचा गाऊन दोन ठिकाणी आत दबला होता. कळ ओसरली तसा तो सैल झाला. पुढच्या कळेला पुन्हा दबला. खोलीत ओल्या मातीचा वास येत होता.

खोटं कशाला बोला, सोबतिणीला पळून जावंसं वाटलं. पण शब्द दिला होता. ती पोरीच्या समोर बसली आणि तिचा हात घट्ट धरला. कमरेकडे मात्र तिनं पुन्हा हात नेला नाही.

उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. ठणठणीत, खणखणीत रडणारी. आईही सुखरूप. डॉक्टर खूश होऊन गेले, सिस्टर नवऱ्याला उठवायला गेली. बाळ आईच्या छातीवर पालथं निजलं. सोबतिणीचा जीव भांड्यात पडला.

"सुटलीस गं बाई," ती म्हणाली. "आता हात काढते हं."

पोरगी डोळे मिटूनच हसली.

"तुम्ही काढलात... तिनं अजून सांगितलं नाही."

सोबतिणीनं बाळाकडे पाहिलं. पाठीवरचं दुपटं तळव्याएवढं आत दबलं होतं. कुणीतरी ते तीन शब्द म्हणावेत म्हणून ती कान देऊन उभी राहिली.

कुणीच काही म्हणेना. दुपटं मात्र आणखी जरासं दबलं.