दुसऱ्यांदा सोडलेला दोर

ओमानमधल्या निझवा गावातल्या आपल्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून हुसैनमियाँ बाकड्यावर टेकले. निदा आणि झैन ही बहिणीची मुलं सुट्टीला आली होती. झैनने विचारलं, "मामू, उद्या डोंगरावर नेता?"

"दिवसा नेईन. अंधार पडायच्या आत परत. का, ते ऐका. ऑलविनने इथंच बसून मला सांगितलंय."

ऑलविन वसईचा. सह्याद्रीचे कडे चढून हात तयार झालेला. दर हिवाळ्यात, मार्चपर्यंत, जबल शम्स शिखराच्या बाजूला राखीव डोंगरात त्याची नोकरी असे. चढाईला येणाऱ्यांवर नजर ठेवायची, कुणी अडकलं तर काढायचं. आठ जानेवारी दोन हजार चार, गुरुवार. दुपारी तो टॉर्चचे सेल आणि नवा दोर न्यायला दुकानात आला. दोन कप चहा प्याला, भावावरून घासाघीस केली आणि जीप घेऊन वर गेला.

वर पोचतो तो बोंब उठलेली. मस्कतहून सहलीला आलेली मुनिबा, सोळा वर्षांची पोर, दुपारपासून दिसत नव्हती. घरचे आणि पोलीस एका अंगाला शोधत होते. जोडीदार रजेवर, म्हणून ऑलविन एकटाच जीप घेऊन दुसऱ्या अंगाने दरीच्या काठाकाठाने निघाला.

सव्वासात वाजता त्याला हाक ऐकू आली. खाली चाळीस फुटांवर, जेमतेम चटईएवढ्या कपारीवर मुनिबा बसली होती. त्यापुढे नुसती दरी.

"घाबरू नकोस! मी ऑलविन!"

"माझा पाय... आय कान्ट स्टँड!"

तो खाली उतरला असता तर वर ओढायला कुणी नव्हतं. त्याने दोराचं टोक जीपला बांधलं, कप्पी लावली, कमरेचा पट्टा खाली सोडला. कसा घालायचा ते ओरडून सांगितलं. मग बोटं सोलवटेपर्यंत ओढलं. पोर वर आली. थंडीने कुडकुडत होती. पाय तपासायला न थांबता त्याने तिला ब्लँकेटात गुंडाळून जीपमध्ये ठेवलं.

"खलास. आता घरी जायचं."

"आणि अंकल?"

"कोण अंकल?"

"खाली आहेत ना. माझ्याशी बोलत होते. म्हणाले, आधी तू जा."

ऑलविनने काठावरून टॉर्च मारला. कपार रिकामी. लपायला जागाच नव्हती. त्याने मराठीत, हिंदीत, मोडक्या अरबीत हाका मारल्या.

काहीच नाही.

तरी त्याने दोर पुन्हा खाली सोडला. माणूस असलाच तर? आपलं कामच ते.

दोर हलला. मग ताठ झाला.

"ओढ."

आवाज हळू होता. दमलेला.

ऑलविनने ओढलं. दहा फूट. पंधरा. वजन माणसाचंच. त्याने टॉर्च दातांत धरून खाली पाहिलं...

दोर ताठ होता. पट्टा गच्च आवळलेला होता.

आत कुणी नव्हतं.

"ओढ, ऑलविन."

वजन वाढलं. त्याचे पाय काठाकडे घसरले. मागे जीप करकरली... एक वीत पुढे सरकली. आत पोर होती.

त्याने सुरी काढली.

दोर तुटला. तो कान देऊन पडून राहिला. पडल्याचा आवाज आलाच नाही.

निदाने हळूच विचारलं, "तो... माणूस होता, मामू?"

"पुढे दोन दिवस शोध झाला. पोलीस, गावकरी, सगळे. ना प्रेत, ना रक्ताचा थेंब. कापलेला दोरसुद्धा नाही. ऑलविनने मार्चची वाट पाहिली नाही, नोकरी सोडली. मला एकच विचारायचा, मियाँ, मी कुणाला सोडलं? मी काय सांगणार? पण त्या रात्रीचं एक राहिलं."

घळीच्या रस्त्याने दीड तास जीप हाकून त्याने मुनिबाला दवाखान्यात आणलं. डॉक्टरने सलवार कापली. नडगी मोडली होती. आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन सरळ काठ्या लावून पाय फडक्याने घट्ट बांधलेला होता.

"छान बांधलंस रे," डॉक्टर म्हणाले. "तुझ्यामुळे पाय वाचला."

ऑलविनने मुनिबाकडे पाहिलं. तिने मान हलवली. "मी नाही. अंकलनी बांधलं."

त्याने वाकून गाठीला बोट लावलं.

गाठ घामाने अजून ओली होती.