साहेबांच्या शोधात

साहेबांना जिवंत परत आणायचं, एवढ्यासाठी मोहीम माहुलीच्या जंगलात शिरली. साहेब म्हणजे बारकूचा बोकड. पहाटे त्याला वाघाने उचललं होतं. खरं तर बिबट्याच, पण शहापूरकडे त्यालाही वाघच म्हणतात. मान ठेवावा लागतो.

मोहिमेत तिघे. कोयता घेतलेला बारकू, "न्हेमी तहान लागते" म्हणून नारळ घेतलेली त्याची सासू अंबूबाई, आणि आपण घाबरत नाय, हे कोणी न विचारता सांगणारा शेजारी जयराम.

भानगड जुनी होती. वाघ गोठ्याभोवती घिरट्या घालू लागला, तेव्हा बारकूची बायको गिरजा वाघोबाला नवस बोलली: गोठा राख, पहिला बोकड तुझा. गोठा राहिला. पण बोकडाची आई मेली, गिरजाने त्याला पेज पाजून वाढवलं आणि नवस पुढे ढकलला. साहेबांनी बारकूचा रेल्वेचा पास खाल्ला, तेव्हाही ती साहेबांच्याच बाजूने भांडली. गेल्या पावसाळ्यात तिला घोणस चावली. गिरजा गेली. बोकड तेवढा उरला. आता तोही!

रक्ताचे थेंब वर चढत होते, तिघेही चढले. कारवीच्या झुडपांनी अंग सोलवटलं. घसाऱ्याच्या सुट्या मातीवर जयरामची एक चप्पल दरीत गेली. तिला एकटीला करमणार नाही म्हणून की काय, मागोमाग दुसरीही गेली. आणि कड्याखाली आग्यामाश्या उठल्या! बारकू पळाला. जयराम त्याच्याही पुढे पळाला. अंबूबाई डोक्यावर पदर घेऊन गप्प बसून राहिली. तिला एकही चावली नाही. बारकूचा एक डोळा मिटला.

दुसऱ्या डोळ्याला खडकावर साहेबांच्या गळ्यातली घंटा दिसली. घंटेमागे साहेब, मान मोडलेली. साहेबांवर पंजा. पंज्यामागे वाघ!

वाघ गुरगुरला. बारकूने कोयता उचलला. जयराम झाडावर होता. कधी चढला, कोणी पाहिलं नाही.

"ज्याचा होता, त्यानं नेला," अंबूबाई हळूच म्हणाली.

"गिरजाचा होता तो, मामी."

"गिरजा पन माजीच होती रे."

कोयता खाली आला. अंबूबाईने नारळ पुढे केला. बारकूने तो दगडावर फोडला, हात जोडले.

"तू नेला नाय, बाबा. आमी दिला. गिरजाकडून."

वाघाने साहेबांना उचललं आणि कारवीत शिरला. घंटा वाजत वाजत लांब गेली.

उतरताना जयरामने प्रसाद उरलाय का, एवढंच विचारलं. आणि बारकू, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, गिरजाबद्दल बोलला. पास दर महिन्याला नवा मिळतो, बोकड मिळतो का, असं ती म्हणाली होती म्हणे! तो हसला. मिटलेल्या डोळ्यातूनही पाणी आलं. माश्यांचं विष, तो म्हणाला.

अंबूबाईच्याही डोळ्यांतून आलं. तिला तर एकही माशी चावली नव्हती.