जांभईचं कारण

"घड्याळात पीठ कसं जातं हो?"

काउंटरपलीकडचा तो कानापर्यंत लाल झाला. बाहेर रिमझिम चालू होती. त्याच्या केसांवर थेंब होते आणि भुवयांवर मैदा. कोपऱ्यावर नवी बेकरी उघडलीय एवढं मला माहीत होतं. बेकरीवाला असा दिसतो, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

"भट्टीसमोर टांगलं होतं... पीठ उडतं, काय करणार?"

"थांबलं कधी?"

"काल. तुम्ही पोलिसांसारखं काय विचारताय?"

डोळ्याला भिंग लावून मी चाकांमधलं पीठ ब्रशने काढत होते, म्हणून हसू लपलं. संशय हा माझा धंदाच आहे. दुकान माझ्या हाती देताना बाबांनी बजावलं होतं की 'आपोआप बंद पडलं' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर विश्वास ठेवायचा नाही. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. ताई मला इन्स्पेक्टर म्हणते.

जाताना त्याने एक गरम पाव काउंटरवर ठेवला. "हा आमच्याकडून."

आमच्याकडून? कशाला? फुकट कोण काय देतं! मी पावावरूनही भिंग फिरवलं. काही सापडलं नाही. एक तुकडा खाल्ला... आणि थोड्याच वेळात ओठ सुजून टम्म झाले, मानेवर गांध्या उठल्या.

मला हे नवीन नव्हतं. असं झालं की त्या दिवशी ताटात जे असेल ते मी आयुष्यातून हद्दपार करायचे. आधी अंडं गेलं, मग दूध, मग शेंगदाणे, मग काजू. एकदा तर घसा इतका आवळला की ताईने मला अक्षरशः उचलून दवाखान्यात नेलं. तेव्हापासून पर्समध्ये ॲलर्जीची गोळी आणि डोक्यात संशय, दोन्ही कायमचे मुक्कामाला आले.

दुसऱ्या दिवशी मी बेकरीत गेले ती भांडायलाच.

"पावात काय घातलं होतं?"

"मैदा, पाणी, मीठ, यीस्ट."

"खोटं!"

"मग आत या, स्वतः बघा. उद्याही या, परवाही या. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही..." तो थांबला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे पावात तरी नाही."

मी रोज संध्याकाळी जायला लागले. तपासाला! बरण्यांची झाकणं उघडून हुंगायचे, पिठात बोट घालून बघायचे. तो हसत पीठ मळायचा, आणि मनगटापर्यंत पांढरे झालेले त्याचे हात मला उगाचच आवडायला लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. पण दुकानातून निघण्याआधी मी गुपचूप एक गोळी घ्यायचे. त्या भट्टीच्या हवेचा काय भरवसा? गोळीने डोळे जड व्हायचे. तो काही गोड बोलायला लागला की नेमकी मला जांभई यायची. मग त्याचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, बघा, हा नक्की काहीतरी लपवतोय.

एका संध्याकाळी त्याने हात पुसले आणि घसा खाकरला.

"वर माझ्या दोन खोल्या आहेत. खिडकीतून तुझं दुकान दिसतं. घड्याळं लावायला भिंतही मोकळी आहे... येशील राहायला? म्हणजे लग्न करून, अर्थात!"

आणि मी जांभई दिली. चांगली आ वासून.

"कळलं," तो म्हणाला. "नको असेल तर सरळ सांग ना."

"नको नाहीये रे! भीती वाटते. खाली रोज अंडी फुटणार, दूध उकळणार... पुन्हा घसा आवळला तर?"

"अंडं चालत नाही असं सांगितलं कोणी?"

"मीच ठरवलं."

"घड्याळ न उघडता काय बिघडलंय ते सांगतेस तू कधी?"

"छे! मुळीच नाही."

"मग स्वतःचं तेवढं अंदाजाने? ॲलर्जीचे वेगळे डॉक्टर असतात. चल, मी येतो बरोबर."

हा बरोबर कशाला? डॉक्टर याच्या ओळखीचे तर नाहीत? अशा शंका काढत काढत मी गेले.

डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी माझ्या हातावर रांगेने थेंब ठेवले, प्रत्येक थेंबातून सुई हलकेच टोचली आणि थांबायला सांगितलं. काहीच उठलं नाही.

"बघ, काही नाहीये तुला!" बेकरीवाल्याचा चेहरा उजळला.

डॉक्टरबाईंचा मात्र नाही. "हा कडेचा थेंब आहे ना, त्याने कोणाचाही हात फुगतो. तपासणी नीट चाललीय का ते बघायला तो असतो. तुमचा फुगला नाही. गोळी बंद करायला फोनवर सांगितलं होतं ना? आज घेतलीत?"

"हो... सकाळी." विषारी थेंब टाकतील आणि काही झालं तर, असं मला वाटलं होतं.

"फक्त आजच?"

मी चपलेकडे बघितलं. "रोज. बेकरीत जाण्याआधी."

"ती गोळी खाज कमी करते. घसा आवळला तर ती वाचवत नाही, तेव्हा इंजेक्शनच लागतं. तिच्या भरवशावर धाडस करू नका. गोळी पूर्ण बंद करा आणि पुन्हा या. तोवर बेकरीचं काही खाऊ नका."

बाहेर बाकावर बसल्यावर त्याने विचारलं,

"माझ्याकडे येताना औषध घेऊन यायचीस?"

"हो."

"म्हणजे त्या जांभया..."

"गोळीच्या."

"आणि मला वाटायचं, मी इतका कंटाळवाणा आहे! आरशासमोर उभा राहून विनोद पाठ करायचो मी."

"तुझा चेहरा पडायचा, तेव्हा मला वाटायचं तू काहीतरी लपवतोस."

तो एकदम माझ्याकडे वळला. "थांब. ज्या जागेची एवढी धास्ती, तिथे गोळी घेऊन का होईना... रोज यायचीस?"

"तपास चालू होता ना," मी म्हटलं. कान तापले होते, आणि या वेळी पावाचा काही दोष नव्हता.

मग गोळी बंद, बेकरीत जाणंही बंद. तोच अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून माझ्या दुकानात यायचा. मी टक्क जागी असायचे. त्याचे विनोद खरंच चांगले होते.

दुसऱ्या खेपेला कडेचा थेंब फुगला, आणि रांगेतला आणखी एकच. तीळ.

"पावात तीळ नव्हते!" तो म्हणाला.

"ट्रे धुता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ट्रे कोण धुतं? धुतला की पाव चिकटतो. कोरडं फडकं फिरवायचं, तेलाचा हात लावायचा आणि..." तो मध्येच थांबला. "त्याच ट्रेवर सकाळी तिळाचे पाव भाजतो मी."

माझा संशय खरा निघाला होता, पण मला तिळमात्र आनंद झाला नाही. त्याचा चेहरा इतका उतरला होता की मी त्याचा हात धरला. पहिल्यांदाच.

डॉक्टरबाईंनी सांगितलं की तीळ कायमचे वर्ज्य आणि इंजेक्शन सतत जवळ हवं. ते मांडीत कसं द्यायचं हे त्यांनी दोघांनाही शिकवलं. बिनसुईचं नमुन्याचं इंजेक्शन त्याने स्वतःच्या मांडीवर इतक्या वेळा दाबून बघितलं की बाईच हसल्या. "अंड्याचा थेंब फुगला नाही, तरी घरी प्रयोग करून बघायचा नाही. इथे, माझ्यासमोर. केक करून आणा."

केक. त्याच्या हातचा. मी हो म्हटलं खरं, पण...

त्याने तिळाचे पावच बंद केले. गिऱ्हाइकं कुरकुरली. नवे ट्रे आले, टेबल घासून निघालं. मग तो केकचा डबा घेऊन डॉक्टरबाईंकडे आला. माझ्या दुकानातून उचललेलं माझंच जुनं भिंग त्याने खिशातून काढून पुढे धरलं. "बघून घे. हवं तेवढं."

मी भिंग पर्समध्ये टाकलं.

डॉक्टरबाईंनी आधी कणभर दिला. थांबलो. मग तुकडा. पुन्हा थांबलो. तो माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता. सुजेसाठी, असं त्याचं म्हणणं. मी शेवटचा मोठा घास खाल्ला. दुपार उलटली. काहीही झालं नाही. कित्येक वर्षांनी केक खात होते मी, आणि रडू येत होतं.

मग मला जांभई आली.

त्याचे डोळे बारीक झाले. "गोळी घेतलीस?"

"नाही."

"खरं सांग, इन्स्पेक्टर."

"रात्रभर झोपले नाही रे."

"भीतीने?"

"भीती कसली..." मी त्याच्या भुवईवरचा मैदा बोटाने पुसला. "त्या मोकळ्या भिंतीवर कोणती घड्याळं लावायची, ते ठरवत होते."