पळवून नेण्याचा शॉट

"ताई, सेफ्टी पिन आहे का हो एखादी?"

आरशासमोर बसलेल्या त्या देखण्या बाईने काजळाची कांडी खाली ठेवली, मान वळवली आणि चक्क पुरुषी आवाजात म्हणाली, "आहे. पण परत द्यायची हं... गेल्या वेळच्या नायिकेनं तीन लांबवल्या."

मी उडालेच. अंगणात रंगणाऱ्या आमच्या लीलेत, म्हणजे लोकनाट्यात, बायकांची कामं पुरुष करतात, हे का मला ठाऊक नव्हतं? पण इतकं देखणं दिसावं? खोटं कशाला बोलू, जळलेच मी.

तो खोगेन, लीलेत नायिका रंगवणारा. आणि मी ताम्फा, नंबोलच्या शाळामास्तरांची मुलगी, पहिल्याच सिनेमाची नायिका. बंडखोरांनी हिंदी सिनेमे बंद करून तीन वर्षं झाली होती, इंफाळच्या टॉकीज ओस पडल्या होत्या. मग लग्नं टिपणारे छोटे कॅमेरे खांद्यावर घेऊन आमचीच माणसं आमच्या भाषेत, आमच्याच गल्ल्यांत सिनेमे काढू लागली. त्या कॅमेऱ्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. नाहीतर माझ्यासारखीला कोण विचारत होतं?

बाबांनी हो म्हटलं, पण एका अटीवर. "गल्लीत एक शब्द जरी उठला, तरी त्या दिवशी सिनेमा बंद."

दिग्दर्शकांनी मला शिकवायला खोगेनला नेमलं.

"पुरुष मला बाई व्हायला शिकवणार?"

"बाई तू आहेसच. कॅमेऱ्याला ते कळावं, एवढंच बघतो मी. नजर एकदम वर नाही न्यायची... आधी पावलांवर, मग हळूच—"

"आणि समोरचाच खाली बघत बसला तर?"

तो खरंच खाली बघत होता. कान लालबुंद झाले होते.

रोज दुपारी तो सगळ्यांसाठी सिंजूच्या, म्हणजे झणझणीत कोशिंबिरीच्या, पुड्या आणायचा. माझं तोंड आलं होतं तेव्हा आठवडाभर एका पुडीत मिरचीच नसायची. "बाई विसरली वाटतं," म्हणायचा. सिंजू करणारी बाई मिरची विसरते होय!

मग आला पळून जाण्याचा प्रसंग. आमच्याकडे निम्मी लग्नं अशीच लागतात. मुलगी मुलाबरोबर जाते, मुलाकडचे वडीलधारे तिच्या घरी येऊन 'मुलगी सुखरूप आहे' असं रीतसर सांगतात, आणि पुढचं ठरतं. त्या दिवशी नेमका बंद, नायक इंफाळमध्ये अडकलेला. दिग्दर्शक म्हणाले, "पाठमोराच तर शॉट आहे. खोगेन, काढ स्कूटर!"

कॅमेरा बांबूच्या बेटाआड लपवला होता. मी लुंगीसारखी काठाची फनेक नेसून, गाठोडं छातीशी धरून, रडवेल्या डोळ्यांनी मागे बसले.

"घट्ट धर ना, पडशील."

"असं लिहिलंय का शॉटमध्ये?"

"नाही... पण असायला हवं होतं."

शेजारच्या मेमचामावशी अंगणात मासे वाळत घालत होत्या. त्यांना आम्ही दिसलो, कॅमेरा मात्र दिसला नाही.

शॉट संपवून मी तळ्याकडच्या वाटेने घरी आले आणि चुलीपाशी बसले. चारच्या सुमाराला पांढरीशुभ्र धोतरं नेसलेले दोघे म्हातारे दारात! खोगेनचे काका. मेमचामावशींची बातमी थेट त्यांच्या घरी पोचली होती तर!

"मास्तर, मनाला लावून घेऊ नका," थोरले म्हणाले. "तुमची मुलगी आमच्या नातलगांकडे सुखरूप आहे. कूळ वेगळं आहे, लग्नाला अडचण नाही, तेवढं बघूनच आलोय."

मी चहा पुढे केला. त्यांनी कप घेतला, माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

"हीच ती," बाबा म्हणाले. "तुमच्या नातलगांकडे सुखरूप असलेली."

मला हसू फुटलं, पण तेवढ्यात फाटकाकडे लक्ष गेलं. मेमचामावशींच्या मागे अर्धी गल्ली उभी होती. बाबांचा चेहरा उतरला.

"ताम्फा, उद्यापासून शूटिंगला जायचं नाही."

अकरा दिवसांचं काम उरलं होतं. सिनेमा गेला... आणि खोगेनही.

तोच गर्दीतून वाट काढत तो धापा टाकत आला. "मास्तर, शॉट होता तो! ताम्फाचा काही दोष नाही. मला काढा हवं तर, पण सिनेमा थांबवू नका."

"म्हणजे सगळं खोटंच?" बाबांनी विचारलं.

लीलेत गावंच्या गावं रडवणाऱ्या त्या माणसाचे कान पुन्हा लालबुंद झाले.

"पळवणं खोटं," तो म्हणाला. "बाकीचं... खरं आहे. पण तिला अजून विचारलेलं नाही. सिनेमा पुरा झाला की रीतसर येणार होतो."

अख्खी गल्ली कान टवकारून उभी. बाबा माझ्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

त्या क्षणी सगळ्यांचंच भलं व्हावंसं वाटलं मला, चोंबड्या मेमचामावशींचंसुद्धा. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच! या मुलाला स्वतःहून बोलायला आणखी दहा सिनेमे लागले असते.

"सिनेमा पुरा करायचाय, बाबा," मी म्हटलं. "आणि... हाही हवाय."

बाबांनी काकांच्या हातातला निवलेला कप हळूच काढून घेतला.

"ताम्फा, दुसरा चहा टाक. पाहुणे आता रीतसर मागणी घालणार आहेत."