पांढऱ्या घोड्यावरचा सेनापती

"सेनापती पळाला!" पोपट जिन्यावरून ओरडतच खाली आला. पोपट म्हणजे ताईचा आणि चिमणीचा मावसभाऊ. त्याची बडबड कधी थांबायचीच नाही, म्हणून हे नाव.

"शिशाचा सेनापती पळेल कसा?" ताई म्हणाली. "चल वर, नीट बघू."

वरच्या खोलीत मामा कपाळाला हात लावून बसला होता. सुट्टी लागल्यापासून ही तिघं आणि मामा मिळून आजोबांच्या लहानपणचे खेळण्यातले सैनिक नवे करत होते. जुना रंग स्पिरिटनं काढायचा, मोडकी बंदूक तारेनं जोडायची, मग बारीक ब्रशनं कोट, बटणं, मिशा. मिशांचं खातं चिमणीकडे होतं.

आणि आज संध्याकाळी लढाई! समोर दातांच्या डॉक्टरकाकांचं सैन्य. फासे टाकायचे, पट्टीनं मोजून सैनिक सरकवायचे. ज्याचा सेनापती टेबलावर नाही, तो हरला. मामा दर सुट्टीत हरायचा. यंदा सेनापतीच गायब.

"दुसरा ठेव ना," पोपट म्हणाला.

"आजोबांचा आहे रे तो," मामा हळूच म्हणाला. "दुसरा कुठून आणू?"

"मग काकांनीच चोरला असणार."

"काका आठवडाभर इकडे फिरकले नाहीत," ताई म्हणाली.

चिमणी टेबलाशी नाक लावून बघत होती. रंगवताना हात लागू नये म्हणून प्रत्येक शिपाई सोड्याच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवलेला होता.

"मामा, घोडा एवढ्याशा झाकणावर कसा मावला?"

"नाही मावला. मोठ्या झाकणावर चिकटवला."

"कुठल्या?"

"हाताला लागलं त्या," मामा डोकं खाजवत म्हणाला. "बाटलीलाच होतं. धरायला बरं पडतं."

टेबलावर एक गोल डाग होता. ताईनं वास घेतला. "स्पिरिट!"

"ती बाटली होय?" मामीनं खालूनच सांगितलं. "डॉक्टरांचीच होती ना? सकाळी त्यांचा कंपाउंडर ती परत न्यायला आला, दिली मी."

"मामी, वर घोडा नव्हता?"

"वर कागदाची टोपी होती. तुमचा मामा सगळ्यांनाच घालतो."

ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून मामा टोप्या घालायचा. सगळे मामाकडे बघायला लागले.

"म्हणजे तूच त्याला शत्रूकडे पोचवलास," ताई म्हणाली.

"काकांना कळलं तर संध्याकाळपर्यंत देणार नाहीत," मामा रडकुंडीला आला.

"कळणारच नाही," ताई म्हणाली. "पोपट, तुझी दाढ दुखतेय."

"मीच का?"

"तुझं तोंड आधीच उघडं असतं."

दवाखान्यात पोपट खुर्चीत आडवा झाला. ताई काकांना प्रश्नावर प्रश्न विचारत राहिली. चिमणी मागच्या मागे कपाटाशी सरकली. होती! टोपीवाली बाटली! तिनं हळूच झाकण फिरवलं, सेनापती टोपीसकट उचलला आणि फ्रॉकमागे लपवला.

पण बाटली तशीच उघडी राहिली.

"स्पिरिटचा वास कुठून येतोय?" काका वळले. चिमणी लालबुंद झाली. तिनं हात पुढे केला.

काकांनी टोपी उचलली आणि खो खो हसत सुटले. "अरे वा, सेनापती! हा तर आता माझा कैदी."

"कैदी लढाईत पकडतात, काका," चिमणी म्हणाली. "लढाई तर संध्याकाळी आहे."

काकांनी सेनापतीला सलाम ठोकला. "सोडला. पण याला नाही सोडत. याच्या दाढेला खरंच कीड लागलीय!"

संध्याकाळी पांढरा घोडा चिमणीनं सरकवला आणि शेवटचा फासा मामाच्या बाजूनं पडला! काकांनी मामाशी हात मिळवला. "तुझ्याशी नाही हं, मी या तिघांशी हरलो. डोकं असावं तर असं."

"आणि पोपटासारखं धैर्य," मामा म्हणाला. पोपटाचा गाल अजून बधिर होता. त्यानं नुसतीच मान डोलावली. एवढी शांतता त्या घरात कधी नव्हती.

तेवढ्यात आतून मामीचा आवाज आला. "माझी तेलाची बाटली कुठे गेली?"

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. तिथे कागदाची टोपी घालून ढोलकीवाला शिपाई वाळत होता.